मोटारीतील खर्ज : सबवूफरची निवड आणि ध्वनिसमतोल

प्रास्ताविक

१९३० साली अमेरिकेत पॉल गॅल्विन यांच्या कंपनीने 'मोटोरोला' या नावाने मोटारीत बसविण्याजोगा रेडिओ बाजारात आणला. चालत्या वाहनात शब्द स्पष्ट ऐकू यावेत, एवढीच माफक अपेक्षा त्या काळी होती. आज मध्यमवर्गीय कुटुंबाच्या लहान मोटारीतही चार किंवा सहा ध्वनिक्षेपक कारखान्यातूनच बसवून येतात आणि तरीही अनेक मालक गाडी ताब्यात आल्यावर महिनाभरात सबवूफर बसवून घेण्यासाठी बाजारात जातात. दुकानात त्यांना दोनच प्रश्न विचारले जातात : किती इंची हवा आणि किती वॅटचा हवा? या दोन आकड्यांवर किंमत ठरते आणि व्यवहार पूर्ण होतो. काही दिवसांनी तक्रार सुरू होते. खर्ज भरपूर आहे, पण गाण्याचे शब्द कळत नाहीत. सगळी गाणी सारखीच धडधडतात. अर्ध्या तासात डोके जड होते.

या तक्रारीचे मूळ उपकरणाच्या दर्जात क्वचितच असते. ते बहुतेक वेळा निवडीच्या निकषांतच असते. मोटारीतील खर्ज हा केवळ सबवूफरमधून निर्माण होत नाही. शंकू, त्यामागील पेटी, मोटारीची पोकळी आणि ऐकणाऱ्याचा कान या चौघांच्या परस्परसंबंधातून तो घडतो. या संबंधाचे भौतिकी स्वरूप आणि त्यावरून निवड व समतोल यांविषयी काय ठरविता येते, याचा ऊहापोह प्रस्तुत लेखात केला आहे.

कानाचा स्वभाव

सबवूफरचे कार्यक्षेत्र साधारणपणे २० ते ८० हर्ट्झ इतके मर्यादित असते. मनुष्याच्या श्रवणक्षेत्राच्या दृष्टीने ही अगदी खालची पायरी होय. या पायरीवर कान मंद असतो, हे १९३३ साली फ्लेचर आणि मन्सन या बेल प्रयोगशाळेतील संशोधकांनी मोजून दाखविले. त्यांच्या समप्रबलता वक्रांची सुधारित आवृत्ती २००३ मध्ये आंतरराष्ट्रीय मानक म्हणून स्वीकारली गेली. त्यानुसार १००० हर्ट्झचा स्वर ४० डेसिबल पातळीवर जितका मोठा वाटतो, तितकाच मोठा ५० हर्ट्झचा स्वर वाटण्यासाठी सुमारे ७८ डेसिबल पातळी लागते. हा फरक ३८ डेसिबलचा आहे. परंतु १००० हर्ट्झचा स्वर ८० डेसिबलवर नेला असता त्याच्या बरोबरीला ५० हर्ट्झचा स्वर सुमारे १०२ डेसिबलवर येतो. म्हणजे फरक २२ डेसिबलवर उतरतो.

या आकड्यांतून दोन गोष्टी निष्पन्न होतात. आवाज लहान केला की खर्ज इतर स्वरांच्या आधी नाहीसा होतो. म्हणून कमी आवाजात समाधानकारक वाटणारा खर्ज मोठ्या आवाजात अतिरेकी होतो. दुसरी गोष्ट कमी परिचित, पण अधिक महत्त्वाची आहे. मध्यस्वरांत ४० डेसिबलच्या वाढीने जेवढा अनुभव बदलतो, तेवढाच बदल ५० हर्ट्झला २४ डेसिबलमध्येच होतो. म्हणजेच खर्जाची पातळी तीन-चार डेसिबलने हलली तरी कानाला ती बरीच हलल्यासारखी वाटते. खर्जाचा समतोल इतका नाजूक का असतो, याचे उत्तर येथे आहे.

याच्या जोडीला झाकोळण्याचा परिणाम लक्षात घ्यावा लागतो. मोठा खालचा स्वर आपल्या वरच्या स्वरांना झाकून टाकतो, वरचा स्वर मात्र खालच्याला तितका झाकू शकत नाही. वेगेल आणि लेन यांनी १९२४ मध्ये ही एकतर्फी प्रवृत्ती नोंदविली. जास्तीच्या खर्जाखाली गायकाचा आवाज गुदमरतो तो यामुळे. मागून येणाऱ्या वाहनाचा भोंगाही त्याच न्यायाने उशिरा कळतो, आणि हा प्रश्न मग संगीताच्या रुचीपुरता राहत नाही.

मोटारीची पोकळी

दिवाणखान्यात ३० हर्ट्झचा स्वर दमदारपणे ऐकविणे हे खर्चिक काम आहे. मोटारीत तेच काम दहा इंची सबवूफर सहज करतो. यामागील कारण बहुतेक विक्रेते सांगत नाहीत. अनेकांना ते ठाऊकही नसते.

ध्वनीचा हवेतील वेग सेकंदाला सुमारे ३४४ मीटर धरला, तर ४० हर्ट्झच्या लहरीची लांबी ८.६ मीटर येते. हॅचबॅक मोटारीच्या आतील पोकळीची लांबी मात्र समोरच्या काचेपासून मागच्या दारापर्यंत जेमतेम अडीच ते पावणेतीन मीटर असते. अर्धी तरंगलांबी जेथे या लांबीइतकी होते, ती वारंवारिता ६२ ते ६९ हर्ट्झच्या दरम्यान येते. त्याखालील स्वरांसाठी पोकळीत लहर म्हणून मावण्यास जागाच उरत नाही. मोकळ्या जागेत शंकूने निर्माण केलेला दाब हवेच्या प्रवेगाशी निगडित असतो. म्हणून वारंवारिता निम्मी झाली की तेवढाच आवाज राखण्यासाठी शंकूला चौपट अंतर हलावे लागते. बंद आणि लहान पोकळीत मात्र तो सायकलच्या पंपातील दट्ट्याप्रमाणे काम करतो. येथे दाब केवळ किती हवा ढकलली यावर ठरतो, ती किती वेगाने ढकलली यावर नाही. परिणामी साधारण ६५ हर्ट्झच्या खाली प्रत्येक सप्तकामागे १२ डेसिबलपर्यंत खर्ज आपोआप वाढतो. ध्वनितंत्रज्ञ याला पोकळीचा लाभ म्हणतात.

हा लाभ किती मोठा आहे, हे एका साध्या हिशेबावरून दिसते. आतील पोकळी ३ घनमीटर धरली आणि सबवूफरने प्रत्येक धावेत ४०० घनसेंटीमीटर हवा ढकलली, तर पूर्णपणे हवाबंद पोकळीत ध्वनीची पातळी सुमारे ११६ डेसिबल येते. प्रत्यक्षात पत्रा लवचिक असतो, दारांच्या रबरी पट्ट्यांतून हवा निसटते, त्यामुळे लाभ सैद्धांतिक आकड्याइतका कधीच मिळत नाही. काच चार बोटे खाली घेतली तर सर्वांत खालचे स्वर लक्षणीयरीत्या ओसरतात. घाटातील थंड वाऱ्यासाठी काच उघडणाऱ्याने खर्ज कमी झाल्याची तक्रार उपकरणाकडे करू नये. (महामार्गावर मागची एकच काच उघडली असता कानांवर जी धडधड आदळते, तीही याच पोकळीची करामत आहे, रिकाम्या बाटलीच्या तोंडावर फुंकर मारल्यावर होणाऱ्या नादाची ती अवाढव्य आवृत्ती होय.)

सेडान प्रकारात सामानकक्ष मागच्या आसनाने आणि वरच्या फळीने प्रवासीकक्षापासून तोडलेला असतो. तेथे बसविलेल्या सबवूफरचा बराचसा जोर सामानकक्षाचे झाकण थरथरविण्यात खर्ची पडतो. मागच्या फळीतील छिद्रे अथवा आसनाच्या पाठीमधील उघडता येणारी खिडकी मोकळी ठेवली की खर्ज आत येतो. हॅचबॅकमध्ये हा अडथळा नसतो. एकाच दुकानातून घेतलेला एकच सबवूफर दोन शेजाऱ्यांच्या गाड्यांत निरनिराळा वाजतो, तो यामुळे. दुकानातील फळीवर मांडलेले सबवूफर वाजवून निवड करणे तर अगदीच निरर्थक ठरते. कारण तेथे मोटारीची पोकळी नसते.

शंकूचा घेर आणि शंकूची धाव

खर्जाचे मोजमाप ढकललेल्या हवेत होते, हे एकदा मान्य केले की केवळ इंचांचा आकडा अपुरा का, हे स्पष्ट होते. ढकललेली हवा म्हणजे शंकूचे परिणामकारक क्षेत्रफळ गुणिले त्याची एका दिशेची सुरक्षित धाव. आठ इंची सबवूफरचे परिणामकारक क्षेत्रफळ साधारण २१० चौरस सेंटीमीटर, दहा इंचीचे ३३०, बारा इंचीचे ४८० असते. आता ८ मिलिमीटर धाव असलेला बारा इंची सबवूफर घेतला तर ढकललेली हवा ३८४ घनसेंटीमीटर येते. १४ मिलिमीटर धाव असलेला दहा इंची सबवूफर ४६२ घनसेंटीमीटर हवा ढकलतो. लहान दिसणारा सबवूफर येथे मोठ्यापेक्षा अधिक खर्ज देतो आणि पेटीही बहुधा लहान मागतो. अर्थात लांब धावेच्या सबवूफरला अधिक विद्युत्शक्ती लागते. ही किंमत मोजावीच लागते.

घेर मोठा असला की खर्ज 'सुस्त' आणि लहान असला की 'चपळ', असा एक समज रूढ आहे. चपळपणा घेरावर नव्हे, तर शंकू आणि पेटी यांच्या एकत्रित दमनावर अवलंबून असतो. चुकीच्या पेटीतील आठ इंची सबवूफरही सुस्त वाजतो.

पेटीचा प्रश्न

सबवूफरची पेटी ही शोभेची वा संरक्षणाची वस्तू नाही. शंकूच्या मागच्या बाजूने निघणारा ध्वनी पुढच्या ध्वनीच्या अगदी विरुद्ध कलेत असतो; दोघांची गाठ पडली तर खर्ज संपतो. हा मागचा ध्वनी कोंडणे किंवा उपयोगात आणणे हे पेटीचे काम. १९५४ मध्ये एडगर व्हिल्चर यांनी बंद पेटीतील हवेलाच स्प्रिंगसारखे वापरण्याची कल्पना प्रत्यक्षात आणली आणि लहान पेटीतून खोल खर्ज मिळू लागला. पुढे ऑस्ट्रेलियातील नेव्हिल थील यांनी १९६१ मध्ये आणि सिडनी विद्यापीठातील रिचर्ड स्मॉल यांनी १९७०च्या दशकाच्या आरंभी सबवूफर व पेटी यांच्या वर्तनाचे गणित मांडले. आज चांगल्या सबवूफरसोबत येणाऱ्या माहितीपत्रकात 'थील-स्मॉल' या शीर्षकाखाली जे आकडे दिलेले असतात, ते हेच. ग्राहक जे पान न वाचता टाकून देतो, नेमके तेच पान खरेदीच्या दृष्टीने सर्वांत मोलाचे असते.

त्यांपैकी तीन आकडे पुरेसे आहेत : शंकूची स्वतःची अनुनाद वारंवारिता, त्याच्या दमनाचा एकूण गुणांक आणि शंकूच्या लवचिकतेइतकी स्प्रिंग ठरणारी हवेची मात्रा. उदाहरणादाखल अनुनाद ३० हर्ट्झ, गुणांक ०.४५ आणि हवेची मात्रा ४० लिटर असलेला सबवूफर घ्यावा. तो २७ लिटरच्या बंद पेटीत बसविला तर पेटीसह गुणांक ०.७०७ येतो आणि अनुनाद ४७ हर्ट्झला. हा गुणांक सर्वांत सपाट प्रतिसाद देतो. ४७ हर्ट्झच्या खाली आवाज दर सप्तकामागे १२ डेसिबलच्या चढणीने उतरू लागतो. मोटारीची पोकळी नेमकी याच दराने तो वर उचलते. उतार आणि चढ एकमेकांना बरेचसे फेडतात आणि खोल खर्जही समपातळीत राहतो. बंद पेटी आणि मोटार यांचे हे जुळणे कोणा अभियंत्याने योजलेले नाही, पण मोटारीतील ध्वनिव्यवस्थेसाठी ते वरदानच आहे.

आता जागा वाचविण्यासाठी तोच सबवूफर १० लिटरच्या पेटीत कोंबला, तर गुणांक १ च्या घरात जातो, अनुनाद ६७ हर्ट्झवर चढतो आणि ९५ हर्ट्झच्या आसपास सव्वा डेसिबलहून किंचित अधिक उंचवटा तयार होतो. सव्वा डेसिबल ऐकावयास क्षुल्लक वाटतो. परंतु तो पुरुषगायकाच्या खालच्या स्वरांवर आणि मोटारीच्या पोकळीच्या स्वतःच्या अनुनादाशेजारीच येऊन बसतो. शिवाय खाली खोलवरचा खर्ज कमी झालेला असतो. सगळी गाणी एकाच सुरात धडधडल्याची तक्रार बहुतांशी अशा आखूड पेटीतून जन्म घेते. ग्राहक त्यावर उपाय म्हणून आणखी वॅट विकत घेतो.

झरोका असलेल्या पेटीत मागचा ध्वनी नळीतून बाहेर काढला जातो. नळीतील हवा आणि पेटीतील हवा मिळून विशिष्ट वारंवारितेला अनुनाद पावतात आणि त्या परिसरात तेवढ्याच शक्तीत अधिक खर्ज मिळतो. मात्र त्या वारंवारितेच्या खाली आवाज दर सप्तकामागे २४ डेसिबलने कोसळतो आणि शंकूला हवेचा आधार उरत नाही. तो मर्यादेपलीकडे हेलकावे खातो. म्हणून अशा पेटीला अतिखर्ज रोखणारी गाळणी अनिवार्य आहे. पेटी मोठी लागते, नळीचा व्यास अपुरा असेल तर हवेची फुसफुस ऐकू येते, आणि लाकूडकामातील चूक बंद पेटीइतकी माफ होत नाही. तयार मिळणाऱ्या झरोक्याच्या पेट्या कोणत्या सबवूफरसाठी मोजून बनविल्या आहेत, हे बहुधा त्यांवर लिहिलेले नसते. इलेक्ट्रॉनिक नृत्यसंगीताची खरोखर आवड असणाऱ्याने झरोक्याचा विचार अवश्य करावा. परंतु अभंग, भावगीत, नाट्यसंगीत अथवा जुनी चित्रपटगीते ऐकणाऱ्यास त्याची गरज नाही. काळी एकमध्ये लावलेल्या पुरुषी तंबोऱ्याची खर्जाची तार सुमारे ६९ हर्ट्झला बोलते. बेस गिटारची सर्वांत खालची तार ४१ हर्ट्झला. या मर्यादेत दहा इंची, किंबहुना चांगला आठ इंची सबवूफर बंद पेटीत उत्तम काम करतो.

भारतीय मोटारीत जागेचा प्रश्न वेगळाच आहे. चार मीटरच्या आत लांबी राखली तर करात सवलत मिळत असल्याने येथील बाजारपेठेत आखूड गाड्यांचे प्राबल्य झाले. मुंबई-पुण्याकडील असंख्य गाड्यांच्या सामानकक्षात त्यातूनही सीएनजीची टाकी बसलेली असते. अशा गाडीत आसनाखाली मावणारा, ॲम्प्लिफायरसह येणारा चपटा सबवूफर हाच व्यवहार्य मार्ग उरतो. त्याची धाव आखूड असल्याने ३० हर्ट्झची अपेक्षा ठेवू नये. ५० ते ८० हर्ट्झमध्ये तो गाण्याला आधार देतो आणि टाकीला धक्का लागत नाही. टाकीच्या बैठकीला वा नळीजवळ भोके पाडून पेटी बसविण्याचा आग्रह मात्र कोणत्याही परिस्थितीत मान्य करू नये.

वॅटचे गणित

टेपरेकॉर्डरच्या काळातील 'पीएमपीओ' नावाचा फुगविलेला आकडा अनेकांच्या स्मरणात असेल. तो शब्द मागे पडला, प्रवृत्ती टिकून आहे. सबवूफरवरील मोठ्या अक्षरांतील आकडा क्षणिक शिखरशक्तीचा असतो. निवडीसाठी सतत पेलता येणारी शक्ती पाहावी. ॲम्प्लिफायरची खरी शक्ती तपासण्याचा सोपा मार्ग त्याच्या फ्यूजमध्ये आहे. ३० अँपिअरचा फ्यूज आणि १३.८ व्होल्टचा पुरवठा यांतून जास्तीत जास्त ४१४ वॅट आत जातात. कार्यक्षमता ८० टक्के धरली तरी सुमारे ३३० वॅटच बाहेर येतील. अशा यंत्रावर १५०० वॅट छापलेले असेल तर ती केवळ छपाई आहे. '५० गुणिले ४' असे लिहिलेल्या डॅशबोर्डवरील संचाचेही तसेच. १४.४ व्होल्टवर चार ओहमच्या ध्वनिक्षेपकाला अविकृत स्वरूपात सैद्धांतिकदृष्ट्याही २६ वॅटपेक्षा अधिक मिळू शकत नाहीत. अमेरिकेत २००३ मध्ये सीईए-२००६ हे मापनमानक आले, त्यानुसार १४.४ व्होल्ट, चार ओहम आणि एक टक्का विकृती या अटींवर मोजलेली शक्ती दिली जाते. त्या मानकाचा उल्लेख असलेले उपकरण निदान प्रामाणिकपणे मोजलेले असते.

शक्ती दुप्पट केली तरी वाढ केवळ ३ डेसिबलची होते. ३०० वॅटऐवजी ६०० वॅट घेण्याचा खर्च योग्य पेटीवर केला तर अधिक लाभ होतो.

संरोधाची जुळणीही महत्त्वाची आहे. चार ओहमच्या दोन व्हॉइस कॉइल असलेला सबवूफर समांतर जोडणीत दोन ओहमचा आणि एकसरीत आठ ओहमचा होतो. ॲम्प्लिफायर जितक्या खालच्या संरोधाला सुरक्षित आहे त्याच्याखाली जाऊ नये. बॅटरीपासून येणाऱ्या तारेचा फ्यूज बॅटरीच्या जवळ, साधारण ४५ सेंटीमीटरच्या आत असावा, कारण तो ॲम्प्लिफायरला नव्हे तर गाडीला आगीपासून वाचवितो. जमिनीची तार रंग खरवडून उघड्या पत्र्याला घट्ट जोडावी.

समतोल साधताना

ॲम्प्लिफायरवरील 'गेन' या खिट्टीला आवाजाची खिट्टी समजणे, हा या क्षेत्रातील सर्वांत महागडा गैरसमज होय. ती खिट्टी संचाकडून येणारे व्होल्टेज आणि ॲम्प्लिफायरची क्षमता यांची सांगड घालते. ती अतिरिक्त फिरविली की लहरीची शिखरे छाटली जातात, आणि छाटलेल्या लहरीतून व्हॉइस कॉइल अपेक्षेबाहेर तापते. जळालेल्या सबवूफरांचा दोष सामान्यतः जास्त वॅटवर ढकलला जातो. वास्तविक पुष्कळदा तो लहान ॲम्प्लिफायर पिळून काढल्याचा परिणाम असतो. खिट्टी लावण्यासाठी साधा व्होल्टमापक पुरतो. सबवूफरची तार सोडवून, संचाचा आवाज तीन-चतुर्थांश ठेवून आणि सर्व 'बेस बूस्ट' बंद करून ५० हर्ट्झचा पूर्ण पातळीचा चाचणीस्वर लावावा. ३०० वॅट आणि चार ओहम असतील तर गुणाकाराचे वर्गमूळ ३४.६ येते, निर्गमद्वारावर तितके व्होल्ट दिसेपर्यंतच खिट्टी फिरवावी. दोन ओहमसाठी हाच आकडा २४.५ होतो. समतोलासाठी यापेक्षा खाली यावे लागले तर खुशाल यावे. वर जाऊ नये.

यानंतर कामाची वाटणी. सबवूफरने ८० हर्ट्झच्या वर बोलू नये आणि दारांतील ध्वनिक्षेपकांनी त्याखाली उतरू नये, हा आरंभबिंदू म्हणून योग्य ठरतो. दुसरा भाग नेहमी विसरला जातो. दारातील सहा-साडेसहा इंची ध्वनिक्षेपकावरील खर्जाचा भार काढला की तो अचानक स्वच्छ बोलू लागतो, आणि सबवूफरमुळे शब्द स्पष्ट झाले असा विलक्षण अनुभव येतो. सबवूफरची सीमा १२० हर्ट्झपर्यंत वर नेली तर मात्र आवाज मागून येत असल्याचे कानाला कळते. कुठून तरी थरथरणारी क्रमांकपट्टी किंवा सैल झालेली मागची फळीही हेच गुपित फोडते. म्हणून ती आधी बांधावी, मग सबवूफरला दोष द्यावा.

८० हर्ट्झच्या लहरीची लांबी ४.३ मीटर असते. सबवूफर आणि दारातील ध्वनिक्षेपक यांच्या चालकापर्यंतच्या अंतरांत त्याच्या निम्मा, म्हणजे सव्वादोन मीटरच्या जवळपास फरक पडला की दोघांचा ध्वनी एकमेकांना खोडू लागतो. खर्ज कमी वाटतो, मालक सबवूफर वाढवितो, आणि ८० हर्ट्झचा खड्डा तसाच राहून ४० हर्ट्झचा डोंगर उभा राहतो. अशा वेळी पातळीला हात न लावता कलेची कळ उलटून पाहावी. चालकाच्या आसनावर ज्या स्थितीत खर्ज भरीव वाटतो, ती स्थिती बरोबर. डिजिटल प्रक्रियक असेल तर एक मीटरच्या फरकामागे जवळच्या ध्वनिक्षेपकाला सुमारे २.९ मिलिसेकंद उशीर द्यावा.

उरते ती कानाची परीक्षा, आणि येथे भारतीय श्रोत्याजवळ एक उत्तम साधन आहे : डग्गा. डग्ग्यावर थाप दिल्यानंतर मनगटाच्या दाबाने काढलेली मींड एका सुरापासून दुसऱ्या सुरापर्यंत अखंड सरकते. ज्या काही हर्ट्झच्या पट्ट्यात सबवूफर आणि दारातील ध्वनिक्षेपक कामाची अदलाबदल करतात, त्याच परिसरात ती फिरते. चांगल्या एकल तबलावादनाचे ध्वनिमुद्रण लावून ती मींड ऐकावी. ती सरकताना एखाद्या सुरावर आवाज एकदम फुगला तर तेथे पेटीचा किंवा पोकळीचा अनुनाद आहे. मध्येच विरली तर तेथे खोडाखोड आहे. घुमारा डॅशबोर्डाकडून येतो की पाठीमागून, हेही याच वेळी कळते. पाश्चात्य चाचणी-ध्वनिमुद्रिकांतील सरकत्या कृत्रिम स्वरापेक्षा ही परीक्षा सोपी आहे, कारण खरा डग्गा कसा वाजतो हे आपल्याकडील बहुतेक श्रोत्यांच्या कानात पक्के बसलेले असते.

ही परीक्षा उभ्या गाडीत पूर्ण होत नाही. टायर आणि रस्ता यांच्या घर्षणाचा गोंगाट मुख्यतः खालच्या स्वरांचा असतो आणि वेगाबरोबर वाढतो. उभ्या गाडीत समतोल वाटणारा खर्ज द्रुतगती मार्गावर हरवतो. तेथील वेगाला जुळविलेला खर्ज गल्लीत शिरल्यावर असह्य होतो. म्हणून सबवूफरची पातळी चालकाच्या हाताशी स्वतंत्र खिट्टीने बदलता यावी. ही छोटी खिट्टी अनेक ॲम्प्लिफायरसोबत मिळते आणि बसविणारे कारागीर ती खोक्यातच ठेवून देतात. विजेवर चालणाऱ्या मोटारीत इंजिनाची घरघर नसल्याने खर्जाची गरज मुळातच कमी असते. तेथे अल्टरनेटरही नसतो, बारा व्होल्टचा पुरवठा मुख्य बॅटरीवरून परिवर्तकामार्फत होतो. त्याची क्षमता निर्मात्याकडून जाणून घेतल्याशिवाय मोठा ॲम्प्लिफायर जोडू नये.

मोटारीबाहेरचा खर्ज

बंद काचांआड वाजणाऱ्या गाडीजवळून जाणाऱ्यास गाणे ऐकू येत नाही, केवळ ठोके ऐकू येतात. पत्रा, काच किंवा भिंत यांची ध्वनी अडविण्याची क्षमता वस्तुमान आणि वारंवारिता यांवर अवलंबून असते. वारंवारिता निम्मी झाली की ती सुमारे ६ डेसिबलने घटते. उंच स्वर गाडीतच राहतात, खर्ज गाडीच्या पत्र्यातून आणि पुढे इमारतीच्या भिंतीतूनही जातो. सोसायटीच्या वाहनतळात रात्री उभ्या गाडीत वाजविलेले गाणे तिसऱ्या मजल्यावरील झोपलेल्या मुलाला जागे करते, ते या मार्गाने.

ध्वनिप्रदूषण (नियमन व नियंत्रण) नियम, २००० अन्वये निवासी क्षेत्रासाठी दिवसा ५५ आणि रात्री ४५ डेसिबल ही मर्यादा आहे. मात्र हे डेसिबल 'ए' भारांकनाचे आहेत. या भारांकनात ५० हर्ट्झच्या स्वरातून सुमारे ३० डेसिबल आणि ३१.५ हर्ट्झच्या स्वरातून ३९ डेसिबल वजा होतात. प्रत्यक्षात ९५ डेसिबलचा ५० हर्ट्झचा ठोका मापकावर ६५ एवढाच दिसतो. मोबाइलवरील मापकांची स्थिती तर आणखी वाईट, कारण फोनचा मायक्रोफोन बोलण्यासाठी बनविलेला असून खालचे स्वर बहुधा कापूनच घेतो. गाडीतील खर्ज मोजावयाचा असेल तर मापक 'सी' भारांकनावर ठेवावा. तेथे ५० हर्ट्झला वजावट दीड डेसिबलपेक्षाही कमी असते. 'ए' आणि 'सी' या दोन वाचनांतील अंतर हेच खर्जाच्या अतिरेकाचे ढोबळ माप आहे. उभ्या गाडीत नेहमीचे गाणे लावून ते अंतर एकदा नोंदवून ठेवावे आणि खिट्टीला प्रत्येक वेळी हात लावल्यावर पुन्हा पाहावे.